शुगर, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि डोळ्याचा पडदा: गोळीच्या मागे लागण्याआधी काय काय करायचं

डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करताना डायबेटिसवाल्या पेशंटकडून एक प्रश्न हमखास येतो, "अहो, डोळ्यासाठी अँटीऑक्सिडंटची चांगली गोळी कुठली?" मोबाईलवर कुणीतरी काहीतरी पाठवलेलं असतं, शुगरमुळे फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे रेणू) तयार होतात, ते पडदा खराब करतात, म्हणून ही अमुक कॅप्सूल घ्या, दोन डब्यांवर एक फ्री. आता गंमत अशी की यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. फ्री रॅडिकल तयार होतात, पडदा खराब होतो, सगळं बरोबर. फक्त त्यावरून कॅप्सूलवर जी उडी मारलीय ती चुकीची आहे. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय, आधी काय करायचं, मग काय करायचं, आणि ती गोळी यात नक्की कुठे बसते ते.

आधी आत काय होतं ते बघू

डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला चिकटलेला पातळ थर, आणि वजनाच्या मानाने शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी हा एक. त्यात सतत उजेड पडतो, त्यात लवकर ऑक्सिडाइझ होणारी चरबी भरपूर. म्हणजे इथे मुळातच धोका जास्त. वर भर म्हणजे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. स्नायूंच्या पेशी इन्सुलिन असेल तरच दार नीट उघडतात, इथलं दार उघडंच असतं, त्यामुळे रक्तात शुगर ३०० झाली की पेशीच्या आतही शुगर चढते, अडवायला कोणी नाही.

मग पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या कारखान्यांवर, जास्तीचा माल येऊन पडतो आणि त्यातून सुपरऑक्साइड नावाचा रॅडिकल वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडायला लागतो. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, मनाच्या टेन्शनशी याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या मायकेल ब्राउनली या संशोधकांनी २००४ च्या बँटिंग लेक्चरमध्ये हे सगळं एका धाग्यात ओवून मांडलं होतं, की हा एक सुपरऑक्साइड वाढला की चार वेगवेगळे बिघाड एकदम सुरू होतात: साखरेचं सॉर्बिटॉल व्हायला लागतं, साखर प्रोटीनला चिकटून एजीई नावाचा कचरा साचतो, पीकेसी नावाचं एन्झाइम चेकाळतं आणि हेक्सोसामाइन नावाचा चौथा रस्ता उघडतो. नावं लक्षात ठेवायची काही गरज नाही.

लक्षात ठेवायचं ते पुढचं. बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात, त्या मरायला लागतात. आधार गेला की भिंतीला बारीक फुगे येतात. फुग्यातून पाणी, चरबी, रक्त झिरपतं. दुसरीकडे काही वाहिन्या बंद पडतात, तिथल्या पडद्याला ऑक्सिजन मिळत नाही, तो व्हीईजीएफ नावाचा सिग्नल सोडतो, की मला नवीन रक्तवाहिन्या पाहिजेत. त्या येतातही, पण कच्च्या, जराशात फुटणाऱ्या. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त, आणि त्यांच्याबरोबर येणारे पापुद्रे आकसले की पडदा ओढला जाऊन सुटतो.

आणि हे सगळं चालू असताना बऱ्याच वेळ नजर ६/६, म्हणजे अगदी नॉर्मल असते! दुखत नाही, लाल होत नाही, पेपर वाचता येतो, गाडी चालवता येते. म्हणूनच माणूस येत नाही.

अँटीऑक्सिडंटची गोळी ही तयार झालेले रॅडिकल पुसण्यासाठी. पण दूध उतू जातंय आणि आपण गॅस बारीक न करता ओटा पुसत बसलोय, असं होतं ते. गॅस म्हणजे शुगर, बीपी, तंबाखू. आधी तिकडे जाऊ. (काही लॅबमध्ये "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल" म्हणून महागडी टेस्ट विकतात, ती करू नका, त्यावरून डोळ्याचा कुठलाही उपचार ठरत नाही. तेवढ्या पैशात वर्षभराची एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, होते.)

पायरी १: पडदा तपासून घ्या, नंबर नाही

टाइप २ असेल तर ज्या दिवशी डायबेटिस कळला त्याच महिन्यात पडदा बघून घ्यायचा, कारण शुगर कळायच्या आधी काही वर्षं ती वाढलेलीच असते, कुणाला माहीत नसतं एवढंच. टाइप १ असेल तर निदान झाल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. त्यानंतर दोघांनाही वर्षातून एकदा. काही सापडलं तर डॉक्टर सांगतील तसं सहा महिन्यांनी, तीन महिन्यांनी, कधी महिन्यानेही. आधीपासून डायबेटिस असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा बघायचा, कारण गरोदरपणात रेटिनोपॅथी, म्हणजे शुगरमुळे होणारा पडद्याचा बिघाड, भराभर वाढू शकते (फक्त गरोदरपणात शुगर वाढलेली असेल तर त्याला हा नियम नाही).

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही, आणि हा घोटाळा मी रोज बघतो. "काका, पडदा कधी तपासला होता?" "आत्ताच की, दिवाळीत चष्मा केला ना." बाहुली मोठी करायचं औषध घातलं नसेल, किंवा फंडस कॅमेऱ्याने मागचा फोटो काढला नसेल, तर पडदा बघितलेलाच नाही, बिल कितीही मोठं असू दे.

कुठे जायचं तर नेत्ररोगतज्ज्ञ कुठलाही चालेल, पुढे गरज पडली तर रेटिना स्पेशालिस्ट. जिल्हा रुग्णालयात नेत्र विभाग असतो, सरकारी मेडिकल कॉलेजांत असतो, ट्रस्टची डोळ्यांची हॉस्पिटलं आहेत तिथे कमी पैशात होतं. शिबिरात फंडस फोटो काढत असतील तर तोही काढून घ्या, फोटोत काही निघालं तर मात्र पुढे जायचंच. आता फोटो बघून एआयने सांगायची सोयही आली आहे. २०१६ साली गूगलचा यावरचा मोठा अभ्यास आला त्यात मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय होतं, आणि मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये स्मार्टफोनवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने आणि ऑफलाइन एआयने तपासणी करून बघितली होती, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. माझं मत विचाराल तर चाळणी म्हणून हे उत्तम आहे. पण एआयला "ठीक आहे" असं दिसलं म्हणून पुढची पाच वर्षं निवांत बसायचं नाही, वर्षाने परत.

पायरी २: तपासणीच्या दिवशी

सोबत माणूस आणा. औषध घातल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, थोडं चुरचुरतं, मग जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, हे चार-सहा तास राहतं. त्यात बाईक चालवायची नाही म्हणजे नाही. गॉगल किंवा टोपी आणा. उपाशी यायची गरज नाही, शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, नाश्ता सगळं नेहमीप्रमाणे, कारण ओपीडीत वेळ जातो आणि उपाशी बसून शुगर खाली गेलेले लोक आम्ही खुर्चीतून उचललेत.

फाईलमध्ये एवढं असू दे: शेवटची एचबीए१सी, बीपीचं रीडिंग, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रोटीनचा रिपोर्ट, कोलेस्टेरॉल, आणि चालू गोळ्यांची यादी. गोळ्यांची यादी का, तर पायोग्लिटाझोन नावाच्या शुगरच्या गोळीने काही लोकांत पडद्यावर सूज येऊ शकते, ते डॉक्टरांना माहीत असायला हवं. घरात कुणाला काचबिंदू असेल, किंवा तुम्हाला कुणी "डोळ्याचा कोन अरुंद आहे" असं सांगितलं असेल, तर औषध घालायच्या आधी सांगा.

आणि निघताना तीन गोष्टी विचारल्याशिवाय उठायचं नाही. रेटिनोपॅथी आहे का, असेल तर कुठल्या ग्रेडची? मधल्या भागाला सूज आहे का? परत कधी यायचं? डॉक्टर घाईत असतात, मान्य, पण या तीन प्रश्नांना मिनिटभर लागतं. फंडस फोटो काढला असेल तर त्याचा मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा, पुढच्या वर्षी शेजारी ठेवून बघता येतो.

तो फोटो एकदा नीट बघाच. नारिंगी-लाल गोल दिसतो, एका बाजूला फिकट पिवळसर चकती, ती डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस. तिच्यातून झाडाच्या फांद्यांसारख्या वाहिन्या निघतात. मध्यावर जरा गडद भाग, तो मॅक्युला, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो. शुगरचा त्रास सुरू झालेला असेल तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, ते मघाचे फुगे. पिवळे चकचकीत कण दिसले, कधी कधी अर्धगोलात मांडल्यासारखे, तर ती झिरपलेली चरबी आणि त्या गोलाच्या मध्ये कुठेतरी गळती आहे. पांढरट धूसर पुंजके म्हणजे तिथलं रक्त अडलंय. पेशंटला हे स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं की पुढच्या वेळी शुगरचा रिपोर्ट न मागता घेऊन येतात, हा आमचा अनुभव, लेक्चर देऊन तेवढा फरक पडत नाही.

पायरी ३: रिपोर्टमधली अक्षरं

एनपीडीआर म्हणजे नवीन कच्च्या वाहिन्या अजून आलेल्या नाहीत. त्यात माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. माइल्डमध्ये बहुतेक वेळा डोळ्याला काहीच करायचं नसतं, शुगर-बीपी सांभाळायचं आणि तारीख चुकवायची नाही. सिव्हिअर मात्र हलक्यात घ्यायचं नाही, यातल्या साधारण निम्म्या लोकांना उपचार न केल्यास वर्षभरात पुढची पायरी गाठावी लागते. ती पुढची पायरी म्हणजे पीडीआर, नवीन वाहिन्या आल्या.

डीएमई म्हणजे मॅक्युलाची सूज, आणि ही कुठल्याही ग्रेडला येऊ शकते, माइल्डलाही. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये ती कळते, दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. त्यावर मायक्रॉनमध्ये जाडी लिहिलेली असते, दर वेळी तोच आकडा आधीच्या रिपोर्टशी जुळवून बघा, आणि शक्यतो त्याच मशीनवर करा, मशीन बदललं की आकडा थोडा बदलतो. अँजिओग्राफी सांगितली तर घाबरू नका, हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून डोळ्याचे फोटो काढतात, एक दिवस लघवी गडद पिवळी होते आणि कातडी पिवळट दिसते. नाव ऐकून लोकांना हार्टची वाटते.

पायरी ४: शुगर कमी करा, पण दणक्यात नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग.

अमेरिका आणि कॅनडात डीसीसीटी नावाची ट्रायल झाली, १९८३ ते १९९३, टाइप १ चे १४४१ लोक. ज्यांची शुगर कडक सांभाळली त्यांच्यात रेटिनोपॅथी नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. कुठल्याही अँटीऑक्सिडंट गोळीने याच्या जवळपासही जाऊन दाखवलेलं नाही. आणि त्याहून विचार करायला लावणारं म्हणजे ट्रायल संपल्यावर दोन्ही गटांची शुगर जवळजवळ सारखी झाली, तरी ज्यांची आधी कडक सांभाळली होती त्यांचे डोळे पुढची कित्येक वर्षं जास्त चांगले राहिले. याला मेटाबोलिक मेमरी म्हणतात. शुगर जास्त असतानाच्या काळात पेशीत जी मोडतोड झाली, ती शुगर खाली आल्यावरही काही काळ रॅडिकल सोडत राहते, असं त्याचं एक स्पष्टीकरण. म्हणजे "आत्ता लग्नाचा सीझन आहे, नंतर बघू" याची किंमत नंतर शुगर नॉर्मल झाली तरी मोजावी लागते.

एचबीए१सी ७ म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. बहुतेकांना टार्गेट ७ च्या आसपास, वयस्कर माणूस, हार्टचा पेशंट, शुगर एकदम खाली जाणारा माणूस, यांना थोडं सैल, ते तुमचे फिजिशियन ठरवतील. रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवू शकते, आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया भरपूर, त्यामुळे मीटरचं रीडिंग आणि एचबीए१सी जुळत नसेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या.

आता दणक्यात नाही असं का म्हटलं. एचबीए१सी ११-१२ आहे, पडदा आधीच खराब आहे, आणि इन्सुलिन किंवा जोरदार औषध सुरू करून दोन-तीन महिन्यांत शुगर एकदम खाली आणली, तर काही जणांची रेटिनोपॅथी सुरुवातीला उलट वाढते. डीसीसीटीमध्येही हे दिसलं होतं. सेमाग्लुटाइड नावाच्या शुगरच्या इंजेक्शनच्या २०१६ च्या सस्टेन-६ ट्रायलमध्ये डोळ्याची गुंतागुंत ३ टक्के लोकांत झाली, औषध न घेणाऱ्यांत १.८ टक्के, आणि त्यातले बरेचसे आधीपासून पडदा खराब असलेलेच. आता वजन कमी करायची ही इंजेक्शनं आपल्याकडेही लोक घ्यायला लागलेत. याचा अर्थ औषध घेऊ नका असा नाही, लांबचा फायदा शुगर कमी करण्यातच आहे. अर्थ एवढाच की असं औषध सुरू करायच्या आधी पडदा बघून घ्या, आणि सुरुवातीचं वर्षभर डोळ्याच्या फेऱ्या जवळजवळ ठेवा.

चष्म्याचंही इथेच सांगतो. शुगर वरखाली झाली की डोळ्याच्या लेन्समध्ये पाणी ओढलं जातं आणि नंबर बदलतो, कधी लांबचं धूसर, कधी अचानक चष्म्याशिवाय वाचता यायला लागतं आणि माणूस खूश होतो. शुगर चार-सहा आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया. शुगरवाल्यांना मोतीबिंदूही लवकर येतो, पण ऑपरेशनच्या आधी पडदा नीट बघून घ्यायचा, नाहीतर ऑपरेशन चांगलं होऊनही दिसत नाही आणि सगळे सर्जनला शिव्या घालतात.

पायरी ५: बीपी, चरबी, किडनी, तंबाखू

बीपीकडे डोळ्याच्या बाबतीत लोक अजिबात बघत नाहीत. इंग्लंडच्या यूकेपीडीएस ट्रायलमध्ये, १९९८ साली निकाल आले, बीपी कडक सांभाळलेल्या टाइप २ च्या लोकांत रेटिनोपॅथी वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी आणि नजर बरीच घसरण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी झाला. आधीच कमकुवत झालेल्या भिंतीवर आतून जोर कमी पडतो, सोपं आहे. घरी बीपीचं मशीन ठेवा, आणि "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळी बंद करू नका, ती गोळीमुळेच नॉर्मल आहे.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातल्या चरबीसाठी वापरतात ती फेनोफायब्रेट नावाची जुनी गोळी, तिचं प्रकरण मला फार रोचक वाटतं, कारण डोळ्यासाठी गोळी पाहिजेच असेल तर खरा पुरावा इथे आहे आणि याची जाहिरात कोणी करत नाही. फील्ड आणि अकॉर्ड या ट्रायलमध्ये तिचा पडद्याला फायदा आधीच दिसला होता, मग स्कॉटलंडच्या लेन्स ट्रायलमध्ये २०२४ साली, सुरुवातीची रेटिनोपॅथी असलेल्या लोकांत ती वाढण्याचं किंवा उपचार लागण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी झालं. ऑस्ट्रेलियात तर रेटिनोपॅथीसाठी तिला २०१३ पासून मान्यता आहे. पण किडनी कमजोर असेल तर ती जमत नाही किंवा डोस कमी लागतो, म्हणून मेडिकलमधून आपली आपण आणायची नाही, पुढच्या व्हिजिटला फिजिशियनना विचारा, बस.

किडनी आणि पडदा यांचा बिघाड बऱ्याचदा जोडीने येतो. एकात काही सापडलं की दुसरं तपासा. आणि तंबाखू, विडी, सिगरेट, मिसरी, गुटखा, यातलं काहीही चालू असेल तर अँटीऑक्सिडंट हा शब्दच काढू नका. सिगरेटचा प्रत्येक झुरका रॅडिकल थेट आत सोडतो.

पायरी ६: ताटात काय

इथे अँटीऑक्सिडंट खरंच कामाचे आहेत, ताटातून आले तर. पालक, मेथी, शेपू, चवळीची पालेभाजी, रोज एक तरी, ल्युटिन नावाचं पडद्यातलं अँटीऑक्सिडंट यातच असतं, आणि भाजीला जरा तेल लागू द्या, ते तेलात विरघळतं. अंड्याचा पिवळा बलक खाणाऱ्यांनी खा. पेरू सालासकट, आवळा कच्चा किंवा मीठ लावून, मोरावळा नाही, तो साखरेत बुडलेला असतो. शेंगदाणे मूठभर, जवसाची चटणी. मासे खाणारे असाल तर बांगडा आणि तारली, स्वस्त आणि ओमेगा-३ भरपूर. स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात टाइप २ च्या ज्या लोकांच्या जेवणात माशांतलं ओमेगा-३ दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त होतं, त्यांच्यात नजरेला धोका पोचवणारी रेटिनोपॅथी जवळपास निम्म्याने कमी दिसली. जेवणाच्या अभ्यासात इतर सवयींचाही हात असतो हे खरं, तरी बांगड्याचं नुकसान काही नाही, तळून खाल्ला नाही तर.

गाजराने पडदा सुधारत नाही. हळद चांगली पण आतड्यातून रक्तात फारच थोडी जाते, भाजीत आहे तेवढी पुरे. गूळ, मध, काकवी ही साखरच आहे, "नैसर्गिक" म्हटल्याने पेशीला कळत नाही. फळांचे ज्यूस नकोत, कारल्या-जांभळाचा रस पिऊन गोळ्या सोडणं तर अजिबात नको. आणि किडनीचा त्रास असेल तर पालेभाज्या, फळं, नारळपाणी यातलं पोटॅशियम बघावं लागतं, तिथे माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

पायरी ७: आता ती गोळी

अल्फा लिपोइक ॲसिड घ्या. जबरदस्त अँटीऑक्सिडंट म्हणून नाव. रेटिपॉन नावाच्या ट्रायलमध्ये टाइप २ च्या लोकांना रोज ६०० मिलिग्रॅम, दोन वर्षं दिलं, मॅक्युलाची सूज रोखण्यात काही फरक पडला नाही, २०११ मध्ये निकाल आला. प्रयोगशाळेत उंदरांवर चांगलं दिसलेलं माणसात चालतंच असं नाही.

दुसरं, "डोळ्याची व्हिटॅमिन" म्हणून ल्युटिन, झिंक, सी, ई वाली गोळी असते, एआरईडीएस फॉर्म्युला. ती वयामुळे मॅक्युला झिजण्याच्या वेगळ्या आजारासाठी आहे, शुगरच्या पडद्यासाठी नाही. त्यात बीटा कॅरोटिन असेल तर सिगरेट ओढणाऱ्यांनी आणि आधी ओढणाऱ्यांनी घेऊच नये, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. व्हिटॅमिन ई चे मोठे डोस वर्षानुवर्षं घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर थोडा वाढलेला एका मोठ्या ट्रायलमध्ये दिसलाय. आणि व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसने काही ग्लुकोमीटर आणि दंडावरचे सेन्सर शुगर खोटी जास्त दाखवतात, मग त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं की पंचाईत.

डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर घ्या, भांडू नका, बहुतेकांना त्रास होत नाही. पण महिन्याला हजार-बाराशे त्यावर जात असतील आणि एचबीए१सी वर्षभर केली नसेल, तर पैशाचा क्रम उलटा झालाय. डोळ्यात मध, गुलाबपाणी, कुठलेही ड्रॉप घालून शुगरचा पडदा बरा होत नाही.

पायरी ८: उपचार सांगितले तर

डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की माणूस गायब होतो, म्हणून कसं असतं ते सांगतो. ऑपरेशन थिएटर किंवा स्वच्छ खोली, बधिर करायचे ड्रॉप, बेटाडिनने डोळा धुतात, पापण्या उघड्या ठेवायला छोटी क्लिप लावतात, तीच जरा नको वाटते. सुई बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते, काही सेकंद, दाब जाणवतो. नंतर एक-दोन दिवस खुपल्यासारखं. हे औषध मघाच्या व्हीईजीएफ सिग्नलला अडवतं. एका इंजेक्शनने भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला, मग लांबवत. खर्चाचं स्पष्ट विचारा: बेव्हॅसिझुमॅब सगळ्यात स्वस्त पडतं, रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध) २०१५ पासून मिळतंय, अफ्लिबरसेप्ट आणि फॅरिसिमॅब महाग. कुठलं देताय, किती लागतील, विम्यात किंवा सरकारी योजनेत बसतं का, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, कारण खरा घात अर्धवट सोडल्याने होतो. पीडीआरवर नुसती इंजेक्शनं घेऊन मध्येच गायब झालेल्यांचे डोळे फार वाईट अवस्थेत परत येतात. गावाहून येणं जमणार नसेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, लेसरचा विचार करता येतो.

लेसरने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकते, आणि बाजूचं व रात्रीचं थोडं कमी दिसू शकतं. लोक म्हणतात लेसरने डोळा गेला, बहुतेक वेळा लेसर उशिरा झालेला असतो. डोळ्यात रक्त साचलं किंवा पडदा ओढला गेला तर व्हिट्रेक्टमी, म्हणजे डोळ्याच्या आतली जेली काढायचं ऑपरेशन. इंजेक्शननंतर चार-पाच दिवसांत डोळा दुखायला लागला, लालभडक झाला, दिसायचं कमी झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

घरी काय बघत राहायचं

आठवड्यातून एकदा एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा खराब डोळ्याला झाकून घेतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही. तारखांच्या रेषा वाकड्या दिसल्या किंवा एका डोळ्याने मधलं पुसट दिसलं तर त्या आठवड्यात दाखवा. अचानक काळे ठिपके, जाळी, धूर, एका बाजूने खिडकीचा पडदा उतरल्यासारखं, विजा चमकल्यासारखं, एकाचे दोन दिसणं, किंवा डोळा लाल होऊन डोकं ठणकणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी.

व्यायाम सगळ्यांनी करा, चालणं सगळ्यात सोपं, शुगर आणि बीपी दोन्ही खाली येतात. फक्त पीडीआर चालू असेल तर जड वजनं उचलणं, श्वास कोंडून जोर लावणं, शीर्षासन-सर्वांगासन, धक्के बसणारे खेळ थांबवा, कच्च्या वाहिन्या फुटू शकतात, आणि कपालभाती-सूर्यनमस्काराचं डॉक्टरांना विचारून करा. हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर डोळ्यात रक्त येईल या भीतीने आपणहून बंद करू नका, रेटिनोपॅथी असली तरी ती घेता येते. लेसर किंवा इंजेक्शनने नवीन वाहिन्या सुकल्या आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं की जिम, सूर्यनमस्कार हळूहळू परत सुरू करता येतं.